अर्ध्याचा टोल

सकाळी दहाला बेबीनंदा लॅबमध्ये आली तेव्हा तिच्या टेबलावर दोन कागद पडलेले होते. एक छापील यादी. तिच्यात बेबीनंदा तातेराव खरात ह्या नावापुढं १७:५२ असा आकडा, आणि आकड्याभोवती लाल पेनानं ओढलेला गोल. दुसरा कागद टाइप केलेला, आणि गंमत अशी की तो तिनंच लिहिलेला होता. म्हणजे लिहिला दुसऱ्यानं, पण त्यातली 'मी' ती होती. 'काल सायंकाळी कार्यालयीन वेळ संपल्यानंतर मी उगवणशक्तीची नोंद केली. ही माझी चूक आहे. सदर नोंद रद्द समजण्यात यावी.' खाली सहीपुरती कोरी जागा. पहिल्यांदा वाचताना तिला हसूच आलं, की बाई गं, आपल्या नावानं इतकं कडक मराठी कुणी लिहिलं, आपल्याला तर सुट्टीचा अर्ज लिहायचा तर तीन कागद फाडावे लागतात. दुसऱ्यांदा वाचताना हसू गेलं. मे महिन्यातलं जालना, डोक्यावर पत्रा, कूलरमध्ये पाण्याचा थेंब नाही, तरी तिनं पंखाही न लावता कागद तिसऱ्यांदा वाचला. कारण काल तिनं नोंद केली होती ती पाच वाजून बावीस मिनिटांनी. पाच बावन्नला तर ती गांधी चमनच्या पुढं रिक्षात होती, मांडीवर पालकाची जुडी घेऊन. मधला अर्धा तास कुणीतरी तिच्या दिवसात घुसडला होता आणि वर म्हणत होतं, हा तुझाच आहे, सही कर.

ही लॅब म्हणजे एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीची मागची खोली. माणसं तीन. बेबीनंदा, हाताखाली साळूबाई, आणि काचेच्या केबिनमध्ये व्यवस्थापक डोईफोडे साहेब. काम सांगायला सोपं. पोत्यांच्या ढिगातून सरकी काढायची, शंभर-शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, अशा चार गुंडाळ्या, आणि बारा दिवस त्या उबेच्या कपाटात ठेवायच्या. बाराव्या दिवशी उलगडायचं आणि किती दाणे नीट उगवले ते मोजायचं. शंभरात पंच्याहत्तर उगवले तर पोती बाजारात. कालच्या लॉटमध्ये चारशेपैकी दोनशे बारा उगवले होते. त्रेपन्न टक्के. बाकीच्या दाण्यांनी काय केलं म्हणाल तर काही नाही, कागदात पडून सडले. आणि त्या लॉटची पोती आधीच शिवून झाली होती, जाफराबादच्या आणि अंबडच्या दुकानांची नावं घालून गोदामात उभी होती. आता त्या सडक्या दाण्यांविरुद्ध बोलणारी गोष्ट जगात एकच उरली होती, ती म्हणजे रजिस्टरमधली आणि कम्प्युटरवरची तिची नोंद. आणि लॅबचा नियम असा की नोंद रद्द करायची तर ती करणाऱ्याच्याच सहीनं होते, दुसऱ्या कुणाच्या नाही. रद्द झाली की फेरचाचणी. फेरचाचणी कशी होते ते तिनं मागच्या साली डोळ्यांनी बघितलं होतं. चांगल्या ढिगातली सरकी आली होती, पिशवीवर वाईट लॉटचा नंबर होता, आणि तेव्हा ती गप्प बसली होती. ते गप्प बसणं वर्षभर घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं टोचत होतं.

"वाचलं का मॅडम?" डोईफोडे साहेब दारात उभे होते. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही. गळा कापायचा असला तरी आधी रुमालानं पुसून घेईल. "संध्याकाळी पाचपर्यंत द्या. घाई न्हाई."

"साहेब, मी पाच बावीसला नोंद केली."

"सिस्टम बावन्न म्हणून राह्यलंय."

"सिस्टम म्हणजे कोण?"

साहेबांनी हनुवटीनं कपाटाकडं दाखवलं. कपाटावर, जुन्या कॅलेंडरांच्या शेजारी, निळा डबा होता. राउटर. भाकरीच्या डब्याएवढा, समोर पाच दिवे, त्यातला एक सारखा मिचमिचणारा. ऑफिसातले चारही कम्प्युटर बाहेर बोलायचे ते ह्याच्या तोंडानं, आणि कोण किती वाजता बोललं ते हा टिपून ठेवायचा. वर्षभर त्याच्या टिपणाकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. "कम्प्युटरचं घड्याळ काय, कुणीबी फिरवतं," साहेब म्हणाले. "भिंतीवरचं तर मीच दहा मिनिटं पुढं ठेवलंय, तुम्हा लोकांसाठी. तुमच्या हातातल्याचा काय भरवसा? ह्या डब्याचं घड्याळ मात्र कुणाला हात लावता येत न्हाई. म्हणून ह्याचं खरं. साडेपाचनंतरची नोंद बाद, हा नियम तुम्हाला पाठ आहे." आणि ते गेले, मागं अत्तराचा वास ठेवून.

तुमच्या हातातल्याचा काय भरवसा. हे वाक्य तिला कागदापेक्षा जास्त लागलं, आणि का लागलं ते कळायला तिला वेळ लागला नाही. तिच्या मनगटावर साधं घड्याळ होतं, काच चरे पडून पांढरी झालेली. पण रोज सकाळी सातच्या बातम्यांआधी रेडिओवर टुक् टुक् वाजलं की ती घड्याळाची चावी दोन बोटांत धरून उभी राहायची आणि शेवटच्या टुकेला चावी आत दाबायची. गॅसवर दूध उतू जात असलं तरी आधी हे. कित्येक वर्षं. ही खोड बापाची, तातेरावची. तो तालुक्याच्या कचेरीत शिपाई होता, कुठल्या तालुक्याच्या ते सांगत नाही, सांगून काय करायचं, सगळीकडच्या कचेऱ्या सारख्याच. कचेरीसमोर चिंचेच्या फांदीला काशाची जाड थाळी टांगलेली होती आणि तिच्यावर लाकडी मोगरीनं तासाचे टोल द्यायचं काम त्याच्याकडं होतं. नऊ वाजले की नऊ, दहाला दहा, आणि दर अर्ध्या तासाला एक. हा अर्ध्याचा एकच टोल बेबीनंदाला फार आवडायचा. तासाचे टोल मोजावे लागतात, मोजता मोजता चुकतं, पुन्हा कुणाला तरी विचारा. अर्ध्याचा मात्र एकच, खणखणीत, आणि मग त्याची लांबत गेलेली शेपटी, पार नदीपर्यंत. गावातल्या बाया त्याच्यावर चुली पेटवायच्या. सकाळी तो तिला बसस्टँडवरच्या हॉटेलात घेऊन जायचा, तिथं रेडिओ होता. चहावाला म्हणायचा, "आलं का सरकारचं घड्याळ?" बाप हसायचा, पण उभा राहायचा अगदी ताठ. टुक् टुक् ऐकताना त्याचे ओठ हलायचे. कचेरीनं दिलेल्या घड्याळाची चावी तो आत दाबायचा आणि मग गावाकडं असं बघायचा, की आता चला, काही हरकत नाही. नऊ वर्षांच्या बेबीनंदाला वाटायचं, माझ्या बापानं सांगितल्याशिवाय ह्या गावात अकरा वाजत नाहीत. आणि खरंच वाजत नव्हते.

मग एक्क्याऐंशी साली नवे साहेब आले. एकदा वरून पाहुणे तपासणीला आले, पावणेअकरालाच येऊन बसले. अकराचे टोल पडले, साहेबांचा पत्ता नाही. जीप आली ती अकरा वाजून वीस मिनिटांनी. पाहुण्यांनी काही विचारलं असेल, साहेबांनी काही सांगितलं असेल, आणि दुपारी तातेरावला आत बोलावणं आलं. टोल वीस मिनिटं आधी दिला, गाफीलपणानं दिला, माफी असावी. कागद तयारच होता. बेबीनंदा भाकरीचं फडकं घेऊन चिंचेखाली उभी होती आणि खिडकीतून तिला बापाची पाठ दिसत होती. पाठ वाकली. सही करायला माणूस वाकतोच, त्यात काय, पण ती पाठ पुन्हा तशी सरळ झाली नाही, असं तिला आजपर्यंत वाटत आलंय. त्या दिवसापासून नवा हुकूम. साहेबांची जीप फाटकातून आत आली की अकरा. आणि अर्ध्याचा टोल बंद, कामात व्यत्यय येतो म्हणून. मग काय, कधी अकरा सव्वाअकराला, कधी पावणेबाराला. टोलावर विसंबून निघालेल्या माणसांच्या एसट्या चुकायला लागल्या. जन्मात दारूला शिवला नाही असा तो माणूस, त्याला लोक चौकात विचारायचे, "काय तात्या, जरा जास्त झाली का?" तो हसायचा. त्याचं ते हसणं बेबीनंदाला अजून सहन होत नाही. हॉटेलातला रेडिओ त्यानं सोडून दिला. चावी पिळायचा, पण कशाला लावून नाही, नुसतीच. आणि ती, शेंबडी पोर, त्याच्यावर चिडली होती. साहेबावर नाही. साहेब काय, परका. बापावर. तो मरेपर्यंत तिनं त्याला ते सांगितलं नाही आणि मेल्यावर सांगायला कोणी उरलं नाही.

अकराला तिनं भुजंगला फोन लावला. भुजंगचं मोंढ्याजवळ दुकान होतं, डबा त्यानंच बसवला होता. आधी तो उडवाउडवी करत राहिला, मग तिनं नीट विचारलं तेव्हा एकदम खरं बोलला. खरं बोलणाऱ्या माणसाला फार वेळ लागत नाही. "मॅडम, त्या डब्ब्यात अर्धा तास न्हाईच."

"न्हाई म्हणजे?"

"लहान ऑफिसचा माल हाय तो, स्वस्तातला. त्याला हातानं टाइम लावायची सोय न्हाई. तो बाहेरून, नेटवरून टाइम घेतो, आणि आपण त्याला फक्त सांगायचं की आपला देश किती तास पुढं. त्याची यादी हाय. यादीत पाच हाय, सहा हाय. मधलं न्हाई. आपलं तर साडेपाच. मंग मी सहा टाकलं."

"पाच का न्हाई टाकलं?"

"मागं राहण्यापेक्षा पुढं बरं, म्हणलं. साहेबालाबी सांगितल्तं मी तवाच. ते म्हणले, चालतंय, कोण बघतंय."

बेबीनंदा खुर्चीत मागं टेकली. तिला प्रथम हसू आलं आणि मग राग, आणि दोन्ही एकाच वेळी आले म्हणून ठसका लागला. कुणीतरी कुठंतरी बसून यादी केली. पाच लिहिलं, सहा लिहिलं, आणि मधे शंभर कोटी माणसं राहतात हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बरं, नसेल आलं. एवढ्याशा डब्यात किती मावणार, त्यानं तरी काय करावं. त्याला बिचाऱ्याला अर्धा येत नाही, नाही येत. पण साहेबांना येतो ना! साहेबांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असून ते त्या मुक्या डब्याला साक्षीला उभं करतायत. तिनं भुजंगला म्हटलं, हेच दोन ओळींत लिहून दे. "मॅडम, मला त्यांच्या गोदामाचं वायरिंग मिळून राह्यलंय. तुम्हाला म्हणून सांगितलं. बिलकुल माझं नाव घेऊ नका." तिनं फोन ठेवला. त्याचा तिला राग आला नाही. तो म्हणाला ते तिच्या बापानंही म्हटलं असतं, थोड्या वेगळ्या शब्दांत.

बाराला लाइट गेली. जायचीच, रोजची वेळ होती. इन्व्हर्टर दोन खोल्या ओढायचा, उबेचं कपाट ओढायचा, पण डब्याची वायर घाईघाईत दुसऱ्याच बटणावर लावलेली, त्यामुळं लाइट गेली की डबा मरायचा आणि लाइट आली की नव्यानं जन्मायचा. पोटात सेल नाही, टिपणं तेवढी राहायची, वेळ मात्र आठवायची नाही. जन्मला की दर वेळी त्याच्या लेखी तारीख असायची एक जानेवारी दोन हजार, रात्रीचे बारा. बाहेरून खरी वेळ मिळेपर्यंत तो तिथंच मोजत बसायचा, कधी दहा मिनिटं, कधी नेट रुसलं की पुरा दिवस. हे तिला बरं ठाऊक होतं, कारण यादीत एक जानेवारीच्या नोंदी पसरलेल्याच असायच्या आणि त्यांच्याकडं बघून ती आणि साळूबाई खिदळायच्या. साळूबाई म्हणायची, "ताई, ह्यो रोज मरतो अन् रोज बाळसं धरतो."

आज साळूबाई खिदळली नाही. ती टोपल्या धूत होती आणि वर बघत नव्हती. शेवटी तिनंच तोंड उघडलं. "ताई, सकाळीच साहेबांनी गुंडाळ्या फेकायला लावल्या. कालच्या चारीबी. म्या म्हणलं, ताईला इचारते, तर म्हणले, इचारायचं काय त्यात. टाकल्या म्या. उकिरड्यावर टाकल्या, अन् गाईनं खाल्ल्या." मग एकदम हात झटकून उभी राहिली. "पर टाइम मला म्हाईत हाय. जाफराबादची गाडी सव्वापाचला पुलावरून हारन देती. गाडी गेली तवा आपण तिसऱ्या गुंडाळीवर होतो. मला त्याच गाडीनं जायचं व्हतं माहेरी, म्हणून ध्यानात हाय, चुकली की माझी. मंग चौथी मोजली, अन् तुम्ही लिव्हलं. म्या सांगते साहेबाला. घाबरते का काय!" बेबीनंदानं तिच्याकडं बघितलं. अंगठा उठवणाऱ्या बाईची साक्ष कोण लिहून घेणार होतं? पण त्या हॉर्ननं तिला सकाळपासून पहिल्यांदा जरा धीर आला.

दोनला ती जेवायला घरी गेली. घर म्हणजे दोन खोल्या, माय आणि ती. नवरा नावापुरता होता, पुढं नावातूनही काढून टाकला. चांगुणाबाईनं ताट वाढलं, लेकीचं तोंड बघितलं आणि विचारलं, काय झालं. बेबीनंदानं सांगितलं. भिंतीवर बापाचा निळ्या कोटातला फोटो, त्याच्याखाली माय गुडघे जवळ घेऊन बसलेली. सगळं ऐकून म्हणाली, "कर मंग सही."

"माय, ती सरकी सडकी हाय."

"तू सडवली का? देवानं सडवली, साहेबानं विकली. तुझं काय जातंय? सही म्हंजे काय, दोन रेघोट्या. तुझ्या बापानं केली, मेला का लगेच?"

"मेला," बेबीनंदा म्हणाली. तोंडातून निघून गेलं. ताटातली डाळ थंड होत होती. इतक्या वर्षांत हे असं कुणी बोललं नव्हतं, आणि आता बोललंच आहे तर पुढचंही बोलू, म्हणून ती बोलली. "बाबा वाकले माय. टोल बराबर होता, सगळ्या गावाला म्हाईत होतं, अन् बाबा वाकले. मी खिडकीतून बघितलं."

चांगुणाबाई रडेल असं तिला वाटलं. ती रडली नाही. तिनं ताटात भाकरी टाकली, जरा जोरातच. "बघितलं ना? मंग नीट बघायचं व्हतं. त्या येळी तू चौथीत, तुझा भाऊ पाळण्यात. नोकरी गेली असती तर तू आज माझ्यासंगं खुरपत असती. त्या सहीवर शिकली तू. ती सही खाऊन मोठी झाली. अन् मला शिकवती वाकले म्हणून! माणूस लेकरासाठी वाकतो. त्याला वाकणं म्हणत न्हाईत."

परत लॅबकडं जाताना, उन्हात, डोक्यावर पदर ओढून, ती उत्तर शोधत राहिली. रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं, चपला चिकटत होत्या. माय खरं बोलली होती, हीच पंचाईत. नऊ वर्षांच्या पोरीनं पाठ बघितली, पण ती पाठ कुणाच्या ओझ्यानं वाकली ते बघितलं नाही. ओझं ती स्वतः होती. पंचवीस वर्षं आपण त्याच्यावर चिडलो आणि तो आपल्याला शाळेत पोचवून कचेरीत जाऊन खोटे अकरा वाजवत होता. बाबा, असं ती रस्त्यात, रसवंतीच्या शेजारी, चक्क मोठ्यानं म्हणाली. उसाचा चरक फिरवणाऱ्या बाईनं वळून बघितलं. बघू दे. आणि मग मोदीखान्याच्या वळणावर तिला जे सुचलं ते इतकं साधं होतं की आधी का नाही सुचलं असं तिला झालं. त्याची सही माझ्यासाठी होती. माझी कुणासाठी आहे? माझ्या पाळण्यात कोण आहे? आहेत ती गोदामातली पोती आहेत. मृगाला कुणीतरी जाफराबादकडं ओळी धरून ते दाणे टोचेल, बाई पुढं, गडी मागं, आणि आठ दिवसांनी बांधावर उभं राहून बघेल तर अर्धं रान कोरं. पुन्हा पेरायला पाऊस थांबतो का? आणि तो माणूस नशिबाला बोल लावेल, स्वतःच्या हाताला लावेल, म्हणेल मीच खोल टोचलं. कारण फेरचाचणीच्या कागदावर पंच्याऐंशी टक्के लिहिलेलं असेल. माय, दोन रेघोट्या म्हणजे एवढं असतं. बाबानं एवढं विकलं नाही, त्यानं स्वतःला विकलं, तेवढं त्याचं होतं. हे माझं नाही. हे मी कुठून विकू?

लॅबमध्ये आली तेव्हा तिचं अंग तापलेलं होतं. राग म्हणा, ऊन म्हणा. तीन ते पाच तिनं काम केलं, बिलकुल रोजच्यासारखं. नवा लॉट, भुईमूग, शंभर शंभर दाणे. मोजताना बोट अडखळलं नाही. साडेचारला पुन्हा लाइट गेली, आली, गेली, पाच वाजता आली. कपाटावर निळा डबा पुन्हा जन्मला, दिवे एकेक करून लागले, मिचमिचणारा मिचमिचायला लागला. हातातल्या घड्याळात पाच वाजून चार मिनिटं झाली तेव्हा ती दोन्ही कागद घेऊन केबिनमध्ये गेली.

"शाब्बास," डोईफोडे साहेब म्हणाले आणि पेन पुढं केला.

"साहेब, डब्यात साडेपाच न्हाई. पाच हाय अन् सहा हाय. तुम्हाला तो बसवला तवाच सांगितल्तं. त्याच्या हिशोबानं आपण सगळेच वर्षभर साडेदहाला येऊन राह्यलोय, तुम्हीसुद्धा."

साहेबांनी टेबलावरचा रुमाल घेतला, कपाळ पुसलं. "ते ॲडजस्ट केलंय."

"मंग माझंबी करा."

"मॅडम," आवाज तसाच, दुधावरच्या सायीसारखा, "तुम्ही हुशार आहात. मी तुम्हाला काढायला निघालो न्हाई. एक साधा कागद आहे. सिस्टम एक म्हणतं, तुम्ही एक म्हणता. हेड ऑफिस कुणाचं ऐकणार? या, इकडं या, तुम्हीच बघा, माझ्यावर विश्वास नसला तर." आणि त्यांनी स्क्रीन तिच्याकडं वळवली, बटण दाबलं, डब्याची ताजी यादी उघडली. सगळ्यात वर, आत्ताची, ह्या घटकेची नोंद होती, साहेबांच्याच कम्प्युटरची. एक जानेवारी दोन हजार. रात्रीचे बारा वाजून सात मिनिटं.

दोघंही ते बघत राहिले. बाहेर साळूबाईनं बादली ठेवल्याचा आवाज झाला.

"साहेब," बेबीनंदा म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज शांत लागला, बापाचा हॉटेलातला आवाज, "ह्याच्या हिशोबानं मी अजून नोकरीला लागलेलीच न्हाई. दोन हजार तीनला लागले मी. तुम्ही दोन हजार चारला आलात. आता सही कुणी मागायची अन् कुणी द्यायची?"

पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "शहाणपणा करू नका. सही करायची नसंल तर उद्या यायचं न्हाई. सरळ सांगतो."

"करते ना सही. कुणी न्हाई म्हणलं?" तिनं पेन घेतला. टेबल बुटकं होतं. ती वाकली नाही. खुर्ची ओढली, नीट बसली, कागद सरळ केला. टाइप केलेल्या तीन ओळींवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ मारली आणि खाली, तिच्या अक्षरात, तिच्या मराठीत लिहिलं: 'वरचं मी लिहिलेलं नाही. काल सायंकाळी पाच वाजून बावीस मिनिटांनी मी ह्या लॉटचे चारशे दाणे मोजले. दोनशे बारा उगवले. सोबत साळूबाई होत्या. राउटरचं घड्याळ अर्धा तास पुढं आहे. नोंद बरोबर आहे, ती रद्द करायला माझी सही नाही.' मग मनगटाकडं बघून आजची तारीख आणि वेळ घातली आणि पूर्ण नाव लिहिलं, बेबीनंदा तातेराव खरात, तातेरावमधला एकही काना न खाता. हेच सगळं तिनं परत एका कोऱ्या कागदावर उतरवलं, सावकाश, साहेब बघत असताना, आणि तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. हात लावायची कुणाची छाती होती ते बघू.

"उद्या येऊ नका," साहेब म्हणाले.

"येणार. दहाला. आपल्या दहाला, डब्याच्या न्हाई. फाटकात अडवलं तर फाटकात उभी राहीन अन् तिथं लिहून ठेवीन किती वाजता अडवलं ते."

ती बाहेर आली तेव्हा तिला भीती वाटत होती. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल ती कोणी वाघीण बिघीण आहे. डोळ्यासमोर मायचा चेहरा होता, भाकरी जोरात टाकणारा. उद्या काय होईल ह्याचा तिला पत्ता नव्हता. पोती जातील की थांबतील हेही तिला ठाऊक नव्हतं. पण ज्या एका सहीवर ती पोती निघणार होती ती सही त्यांना मिळाली नव्हती, आणि लॅबच्या रजिस्टरमध्ये दोनशे बारा हा आकडा होता तिथं होता. ती माठातलं पाणी प्यायली. साळूबाईनं तिचा दंड दाबला. मग पदराला हात पुसत म्हणाली, "ताई, किती वाजले? आज तरी सहाची गाडी गाठू द्या."

बेबीनंदानं घड्याळ बघितलं. काटा वर चढत होता. खिडकीपाशी टोपल्या वाळत घातलेल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी खिळ्याला दोरीनं टांगलेली लोखंडी परात, वाळू भरायची, मोठी, जाड बुडाची. ती तिथं वर्षभर लटकलेली होती. टेबलावर खलबत्त्यातला बत्ता पडला होता. तिनं बत्ता उचलला आणि घड्याळावर नजर ठेवून थांबली. ओठ हलायला लागले. साळूबाई तोंड उघडून बघत राहिली. सेकंदाचा काटा बारावर आला तशी बेबीनंदानं हात पूर्ण मागं नेला आणि परातीवर एक दणका दिला. एकच. खोलीतल्या काचा थरथरल्या. आवाज पत्र्याला लागला, दारातून बाहेर गेला, गोदामापर्यंत गेला, आणि पोती चढवणारे हमाल हातातलं काम थांबवून इकडं बघायला लागले. त्याची शेपटी बराच वेळ संपली नाही.

केबिनचं दार धाडकन उघडलं. "काय चाललंय? काय वाजलं हे?"

"साडेपाच वाजले, साहेब," बेबीनंदा म्हणाली.